झेनॉन वायू आणि अवकाशप्रवास

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांपूर्वी, १९७५ साली, आपल्या मंडळाची मुहूर्तमेढ रोवली गेली. त्याच वर्षी एप्रिलच्या १९ तारखेस 'आर्यभट्ट' हा भारताचा पहिला उपग्रह सोव्हिएत अग्निबाणाच्या साहाय्याने अवकाशात गेला. त्याची जुळणी याच बंगळूर नगरीत, पीन्या औद्योगिक वसाहतीतील साध्या शेडमध्ये झाली होती. त्या दिवसांत मंडळाच्या गणेशोत्सवाच्या बैठका एखाद्या सभासदाच्या घरी सतरंजीवर बसून होत, आणि त्या बैठकांत नाटकाच्या तालमीइतकीच चर्चा आर्यभट्टाचीही होत असे, हे आम्हांस चांगले स्मरते. म्हणूनच या वर्षीच्या व्याख्यानमालेतील विज्ञानाचे पुष्प गुंफण्यास जेव्हा आम्हांस पाचारण करण्यात आले, तेव्हा अवकाशाशी निगडित असा काही विषय घ्यावा असे सहजच मनात आले.

विषय निवडताना आणखीही एक कारण होते. ते सांगितले पाहिजे, कारण ते आमच्या एका चुकीशी संबंधित आहे. आम्ही अनेक वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविले. आवर्तसारणीच्या शेवटच्या स्तंभाशी आलो की हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन आणि रॅडॉन ही नावे फळ्यावर लिहावयाची, हे वायू कोणाशी संयोग पावत नाहीत म्हणून यांना निष्क्रिय वायू अथवा राजवायू म्हणतात असे सांगावयाचे, आणि पुढच्या धड्याकडे वळावयाचे, असा आमचा परिपाठ होता. एकदा मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, जो वायू काहीच करीत नाही, त्याचा उपयोग काय?" आम्ही म्हणालो, "काही दिव्यांत भरतात. एरवी फारसा नाही. परीक्षेस येण्याजोगे त्यात काही नाही." वर्ग हसला आणि तो मुलगा खाली बसला. त्या प्रश्नाचे खरे उत्तर आज देण्याचा विचार आहे. त्या वायूंपैकी झेनॉन या एकाच वायूपुरते बोलावयाचे आम्ही ठरविले आहे.

प्रथम या वायूची जन्मकथा पाहू. १८९८ सालच्या जुलै महिन्यात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सर विल्यम रॅम्झी आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स हे द्रवरूप हवेवर प्रयोग करीत होते. हवा अत्यंत थंड करून तिचा द्रव करावयाचा, तो हळूहळू उकळू द्यावयाचा, आणि निरनिराळ्या तापमानांस कोणता वायू सुटा होतो हे पाहावयाचे, अशी ती पद्धत. त्याच वर्षी मे महिन्यात क्रिप्टॉन आणि जूनमध्ये निऑन त्यांच्या हाती लागले होते. सारे उडून गेल्यावर तळाशी जो अत्यल्प जड अंश उरला, तो काचेच्या नळीत घेऊन त्यातून विद्युत्प्रवाह सोडताच सुंदर निळा प्रकाश दिसला. वर्णपटातील त्याच्या रेषा पूर्वी कोणीही पाहिलेल्या नव्हत्या. या अनोळखी वायूस त्यांनी ग्रीक भाषेतील 'झेनॉस' या शब्दावरून झेनॉन असे नाव दिले. त्या शब्दाचा अर्थ परका, परदेशी पाहुणा.

आता पुढील योगायोग पाहावा. जमशेटजी टाटा यांनी भारतात उच्च संशोधनाची संस्था काढण्याचा संकल्प सोडला, तेव्हा तिचे स्थान सुचविण्यासाठी जे शास्त्रज्ञ भारतात येऊन गेले ते हेच सर विल्यम रॅम्झी होत. त्यांनी कौल दिला तो बंगळूरला. म्हैसूर संस्थानाने जागा दिली, आणि १९०९ साली भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक कोण, तर मॉरिस ट्रॅव्हर्स! १९०६ साली त्यांची नेमणूक झाली आणि १९१४ पर्यंत ते येथे होते. म्हणजे झेनॉनच्या दोन्ही शोधकांचे पाय या नगरीस लागले. आपल्यापैकी कित्येकजण मल्लेश्वरमला जाताना ज्या संस्थेच्या झाडीवरून नित्य जातात, तिचा पाया घालणाऱ्याने झेनॉन प्रथम पाहिला होता. ही गोष्ट आम्हांसही फार उशिरा कळली.

या परक्या वायूचे गुणधर्म असे. त्याचा अणुक्रमांक ५४ आणि अणुभार सुमारे १३१.३. तो रंगहीन व गंधहीन असून हवेच्या साडेचार पट जड आहे. उणे १०८ अंश सेल्सियसला तो उकळतो. रॅडॉन किरणोत्सर्गी आणि अल्पायुषी असल्याने त्यास वगळले, तर निसर्गातील स्थिर राजवायूंत सर्वांत जड वायू हाच. त्याची बाह्य इलेक्ट्रॉन-कक्षा पूर्ण भरलेली असल्याने तो सहसा कोणाशी संयोग पावत नाही. 'सहसा' असे म्हणण्याचे कारण, १९६२ साली नील बार्टलेट यांनी कॅनडात प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड या तीव्र संयुगाशी झेनॉनचा संयोग घडवून आणला, आणि निष्क्रियतेचा पाठ शिकविणाऱ्या आम्हां शिक्षकांची पंचाईत केली. तथापि व्यवहारात तो निष्क्रिय आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

हवेतील त्याचे प्रमाण मात्र विलक्षण अल्प आहे. हवेच्या सुमारे सव्वा कोटी भागांत एक भाग, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. हे सभागृह वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सहा मीटर उंच आहे असे धरल्यास येथील साऱ्या हवेत झेनॉन असेल तो जेमतेम शंभर मिलिलिटर. मध्यंतरात आपण ज्या पेल्यातून चहा घेणार आहोत, तो पेला भरण्याइतका. आपण प्रत्येक श्वासाबरोबर तो आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो.

असा वायू अवकाशयानाच्या कामी कसा आला, हे समजण्यासाठी अग्निबाणाचे मूलतत्त्व लक्षात घेतले पाहिजे. दिवाळीतला बाण खालच्या दिशेने वायू फेकतो आणि स्वतः वर जातो. क्रियेस प्रतिक्रिया, हा न्यूटनचा नियम. तळ्यात होडीवर बसलेल्या माणसाने एकामागून एक दगड मागे भिरकावले, तर होडी पुढे सरकेल. ती किती सरकेल हे दोन गोष्टींवर अवलंबून आहे : दगड किती वजनाचे, आणि किती वेगाने फेकले. दगड थोडेच असतील, तर ते अधिक वेगाने फेकणे हाच उपाय उरतो. अवकाशयानाची स्थिती नेमकी अशीच असते. तेथे ढकलण्यास ना पाणी, ना रस्ता. जे काही मागे फेकावयाचे, ते घरून बरोबर नेले पाहिजे. आणि बरोबर नेलेला प्रत्येक किलोग्रॅम उचलण्यासाठी जमिनीवरून सुटताना कित्येक पट अधिक इंधन जाळावे लागते.

रासायनिक इंधन जाळून जो वायू बाहेर पडतो, त्याचा वेग सेकंदास तीन ते साडेचार किलोमीटरांच्या आसपास असतो. इंधनातील रासायनिक ऊर्जेनेच ही मर्यादा घातलेली आहे. मग ऊर्जा दुसरीकडून, म्हणजे सूर्यप्रकाशापासून मिळणाऱ्या विजेतून घेतली, आणि तिच्या जोरावर एखादा पदार्थ अधिक वेगाने मागे फेकला तर? ही कल्पना जुनी आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गॉडार्ड यांनी १९०६ च्या सुमारास आपल्या टिपणवहीत ती नोंदविली होती. कोणत्याही अणूतील एखादा इलेक्ट्रॉन काढून घेतला, की तो अणू धनभारित होतो. त्यालाच आयन म्हणतात. भारित कणास विद्युत्क्षेत्र खेचू शकते. एका पोकळ कक्षात वायू सोडावयाचा, तेथे त्याचे आयन करावयाचे, कक्षाच्या तोंडाशी सूक्ष्म छिद्रांच्या दोन जाळ्या बसवून त्यांमध्ये हजारएक व्होल्टचा दाब ठेवावयाचा, म्हणजे आयन त्या छिद्रांतून सेकंदास तीस ते चाळीस किलोमीटर वेगाने बाहेर पडतात. रासायनिक अग्निबाणाच्या जवळजवळ दसपट!

येथे एक अडचण उद्भवते. नुसते धनभार बाहेर टाकत राहिल्यास यान ऋणभारित होईल आणि सोडलेले आयन परत आपल्याकडे ओढून घेईल. म्हणून बाहेर पडणाऱ्या झोतात तितकेच इलेक्ट्रॉन मिसळणारे एक उपकरण शेजारी असावे लागते. त्यास आपण उदासीनक म्हणू. आयन निर्माण करणारा कक्ष आणि हा उदासीनक, ही जोडी मिळून एक एंजिन होते. ही जोडी ध्यानात ठेवावी, अशी आमची श्रोत्यांना विनंती आहे. पुढे तिचे काम पडणार आहे.

फेकण्यासाठी कोणता पदार्थ घ्यावा? आरंभी पारा आणि सीझियम यांचा विचार झाला, कारण त्यांचे अणू जड आहेत. १९६४ सालच्या जुलैमध्ये 'सर्ट-१' या अमेरिकन यानावरील पाऱ्याचे आयन एंजिन अवकाशात अर्ध्या तासाच्या आसपास चालले. अवकाशात चाललेले ते पहिले आयन एंजिन होय. परंतु पारा विषारी, वाफ करण्यास तापवावा लागणारा आणि धातूंना बाधणारा. सीझियम तर हवापाण्याचा स्पर्श होताच पेट घेणारे. या कोणाशीही भांडणतंटा न करणारा, जड, आणि सहज हाताळता येण्याजोगा पदार्थ हवा होता. झेनॉन तेथे नेमका बसला. त्याचा अणू जड असल्याने रेटा चांगला मिळतो. त्याचा पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे १२.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, हेलियमला २४.६ लागतात. तो टाकी, नळ्या वा जाळ्या गंजवीत नाही. शिवाय साडेसोळा अंशांहून अधिक तापमानास दाबाखाली ठेवला असता तो पाण्याहूनही दाट होतो, त्यामुळे लहानशा टाकीत पुष्कळ मावतो. जो निष्क्रियपणा आम्ही वर्गात उणेपणा म्हणून सांगितला, तोच येथे मोठा गुण ठरला. १९७२ साली सोव्हिएत 'मिटिऑर' उपग्रहावर झेनॉन वापरणारे विद्युत् प्रणोदक यंत्र चालविले गेले. आम्ही त्या विद्यार्थ्याला खाली बसविले, ते त्यानंतर काही वर्षांनी!

या एंजिनाचा रेटा किती असतो, हे ऐकून आपणांस हसू येईल. 'डीप स्पेस-१' या यानावरील एंजिन पूर्ण शक्तीने चालताना सुमारे ९२ मिलिन्यूटन रेटा देई. तळहातावर कागदाचे दोन ताव ठेवले, तर त्यांचा जेवढा भार वाटेल तेवढा हा रेटा! अशा एंजिनाने पृथ्वीवरून यान तर सोडाच, एक आंबाही उचलला जाणार नाही. उड्डाणासाठी रासायनिक अग्निबाणास पर्याय नाही. परंतु एकदा पोकळीत पोहोचल्यावर हवेचा विरोध नाही, घर्षण नाही, आणि रासायनिक एंजिन काही मिनिटांत थांबते तेथे हे एंजिन महिनोन्महिने चालू राहते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

'डीप स्पेस-१' हे यान २४ ऑक्टोबर १९९८ रोजी निघाले. त्याचे आयन एंजिन नोव्हेंबरमध्ये प्रथम सुरू केले, तेव्हा ते साडेचार मिनिटांतच बंद पडले. जाळ्यांमध्ये अडकलेल्या एखाद्या सूक्ष्म कणामुळे तसे झाले असावे, असा तज्ज्ञांचा तर्क होता. दोन आठवड्यांनी ते पुन्हा सुरू केले आणि मग मोहीम संपेपर्यंत ते एकूण सोळा हजारांहून अधिक तास चालले. सप्टेंबर २००१ मध्ये हे यान बोरेली धूमकेतूच्या जवळून गेले.

त्याच्या पाठोपाठ २७ सप्टेंबर २००७ रोजी 'डॉन' निघाले. मंगळ व गुरू यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातील व्हेस्टा आणि सेरेस या दोन गोलांभोवती क्रमाने फिरावयाचे, असा त्याचा संकल्प होता. त्याच्या टाकीत ४२५ किलोग्रॅम झेनॉन होता. पूर्ण जोराने चालताना दिवसाकाठी खर्च होई तो पावशेराहून थोडा अधिक. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग वाढविण्यास या यानाला चार दिवस लागत. परंतु सारे मिळून पावणेसहा वर्षांहून अधिक काळ त्याचे एंजिन चालले, आणि त्याने स्वतःच्या वेगात सेकंदास सुमारे साडेअकरा किलोमीटर इतका बदल घडविला. हेच काम सामान्य रासायनिक इंधनाने करावयाचे म्हटले, तर यानाच्या वजनाच्या तीस पटींहून अधिक इंधन बरोबर न्यावे लागले असते, असे हिशेब करता दिसते. म्हणजे ते घडलेच नसते. जुलै २०११ मध्ये डॉन व्हेस्टाच्या कक्षेत शिरले, सप्टेंबर २०१२ मध्ये तेथून निघाले, आणि ६ मार्च २०१५ रोजी सेरेसच्या कक्षेत पोहोचले. पृथ्वीबाहेरील दोन गोलांभोवती एकामागून एक फिरलेले ते पहिले यान. २०१८ च्या अखेरीस दिशा सांभाळण्याचे रासायनिक इंधन संपल्याने ते मूक झाले. आजही ते सेरेसभोवती फिरत आहे.

परंतु झेनॉनचे खरे मोल कोणत्या प्रसंगी कळले, असे आम्हांस कोणी विचारील, तर आम्ही जपानच्या 'हायाबुसा' यानाचे नाव घेऊ. हायाबुसा म्हणजे ससाणा. ९ मे २००३ रोजी हे यान निघाले ते इटोकावा नावाच्या, जेमतेम अर्धा किलोमीटर लांबीच्या लघुग्रहाकडे. तेथील माती घेऊन पृथ्वीवर परत यावयाचे होते. चंद्रापलीकडच्या कोणत्याही गोलावर उतरून तेथील कण परत आणणे तोवर कोणासही साधले नव्हते. यानावर ए, बी, सी आणि डी अशी झेनॉनची चार लहान एंजिने होती. सप्टेंबर २००५ मध्ये यान इटोकावापाशी पोहोचले, आणि तेथून दुर्दैवाचे दशावतार सुरू झाले. दिशा स्थिर ठेवणाऱ्या तीन चाकांपैकी एक आधीच बिघडले होते, आता दुसरेही बिघडले. नोव्हेंबरमध्ये यान लघुग्रहावर उतरून उठले खरे. परंतु त्यानंतर रासायनिक इंधनास गळती लागली आणि दिशा वळविणारे सारे रासायनिक झोत निकामी झाले.

आता यानाचे तोंड पृथ्वीकडे आणि पंख सूर्याकडे कसे ठेवावयाचे? तेव्हा तंत्रज्ञांनी एक युक्ती काढली. एंजिनांसाठी ठेवलेला झेनॉन, आयन वगैरे काही न करता, उदासीनकांच्या तोंडातून तसाच थंड फुंकर घातल्याप्रमाणे सोडावयाचा. त्या फुंकरीने यान हळूहळू वळू लागले. इतक्यात ८ डिसेंबर २००५ रोजी गळलेल्या इंधनाच्या वाफेने यान भेलकांडले आणि त्याचा संपर्क तुटला. सात आठवडे काहीही ऐकू आले नाही. जानेवारी २००६ मध्ये त्याचा क्षीण संदेश पुन्हा लागला, आणि पुनश्च झेनॉनच्या फुंकरींनी त्यास सावरण्यात आले. २००७ साली परत यावयाचे यान तीन वर्षे लांबणीवर पडले.

नोव्हेंबर २००९ मध्ये, घर दृष्टिपथात आले असता, शेवटचा घाला पडला. ज्या डी एंजिनावर भिस्त होती, तेच बंद पडले. ए चा आयनकक्ष आरंभापासूनच धड नव्हता. बी चा उदासीनक झिजलेला. आणि सी एकटे दुबळे. आता मघाची जोडी आठवावी. ए चा उदासीनक जवळजवळ न वापरलेला होता, आणि बी चा आयनकक्ष शाबूत होता. या दोन मोडक्या एंजिनांचे दोन चांगले अर्धे जोडून एक एंजिन करता येईल काय? साधारणतः येणार नाही; कारण प्रत्येकाची विद्युत्‌रचना स्वतंत्र. परंतु यान बांधतानाच, कधी काळी उपयोग होईल म्हणून, अशी जोडणी शक्य व्हावी असा एक लहानसा जादा मार्ग त्या मंडलात ठेवण्यात आला होता. तो वापरण्याची वेळ येईल असे त्या वेळी कोणास वाटले असेल? ए चा उदासीनक इलेक्ट्रॉन सोडू लागला, बी चा कक्ष आयन सोडू लागला, आणि यान पुन्हा घराकडे सरकू लागले.

१३ जून २०१० च्या रात्री हायाबुसा ऑस्ट्रेलियातील वूमेराच्या वाळवंटावर आले. त्याने नमुन्यांची कुपी आधीच सोडून दिली होती. ती हवाई छत्रीने सुखरूप उतरली. यान मात्र वातावरणात जळून गेले. ते परत उतरण्यासाठी बांधलेलेच नव्हते. कुपीत इटोकावाचे सुमारे दीड हजार सूक्ष्म कण सापडले. सात वर्षांच्या त्या प्रवासात दर संकटाच्या वेळी उरलेल्या झेनॉनचाच आधार झाला, कधी विजेने पेटलेला, कधी नुसती फुंकर म्हणून.

आपल्या देशातही या विषयाची वाटचाल धीम्या पावलांनी झाली आहे. दळणवळणाच्या उपग्रहाचे आयुष्य बहुधा त्याच्या यंत्रांनी नव्हे, तर प्रणोदकाच्या साठ्याने ठरते. सूर्यचंद्रांच्या ओढीने तो जागेवरून ढळत असतो आणि त्यास पुनःपुन्हा जागेवर आणावे लागते. प्रणोदक संपले, की सुस्थितीतील उपग्रहही निवृत्त करावा लागतो. रासायनिक इंधनाऐवजी झेनॉन नेला, तर तेवढेच वजन वाचते आणि त्या जागी उपयुक्त उपकरणे नेता येतात. भारताने 'जीसॅट-४' या उपग्रहावर अशी विद्युत् प्रणोदक यंत्रे बसविली होती. १५ एप्रिल २०१० रोजी तो श्रीहरिकोट्याहून निघाला. परंतु अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याने दगा दिला आणि उपग्रह समुद्रात गेला. पुढे सात वर्षांनी, ५ मे २०१७ रोजी, 'जीसॅट-९' अर्थात दक्षिण आशिया उपग्रह विद्युत् प्रणोदनासह यशस्वीपणे कक्षेत पोहोचला. मार्च २०२५ मध्ये इस्रोने ३०० मिलिन्यूटन रेट्याच्या स्वदेशी प्लाझ्मा प्रणोदक यंत्राची एक हजार तासांची चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर केले. हे यंत्र जाळ्यांऐवजी चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने काम करते. आर्यभट्टापासून येथवर पन्नास वर्षे झाली. आपल्या मंडळाचेही तेवढेच वय आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. झेनॉन दुर्मिळ आहे. डॉनच्या टाकीतील ४२५ किलोग्रॅम झेनॉन ज्या हवेत सामावलेला होता, त्या हवेचे वजन दहा लाख टनांहून अधिक भरेल. केवळ झेनॉनसाठी एवढी हवा कोणीही थंड करीत बसत नाही. पोलादाच्या कारखान्यांना ऑक्सिजन लागतो. तो हवेतून वेगळा करणाऱ्या मोठ्या संयंत्रांत झेनॉन जोडउत्पादन म्हणून मिळतो. म्हणजे अवकाशयानाचे भवितव्य पोलादाच्या भट्टीशी बांधलेले आहे! फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा त्या प्रदेशांतून होणारा राजवायूंचा पुरवठा विस्कळीत झाला आणि त्यांच्या किमती भडकल्या. हाच वायू शस्त्रक्रियेत भूल देण्यासही वापरता येतो आणि विश्वातील अदृश्य द्रव्याच्या शोधासाठी भूगर्भातील प्रयोगशाळांनाही तो टनावारी लागतो. मागणी करणारे अनेक, आणि पेला मात्र एक. यानाने सोडलेला झेनॉन तर पृथ्वीच्या हवेत परत येईल याची शाश्वती नाही.

म्हणून पर्यायांचा शोध सुरू आहे. हजारोंच्या संख्येने सोडल्या जाणाऱ्या 'स्टारलिंक' उपग्रहांत २०१९ पासून क्रिप्टॉन, आणि २०२३ पासून आर्गॉन वापरला जाऊ लागला. आर्गॉन हवेत शेकडा जवळजवळ एक भाग असल्याने तो स्वस्त आहे. परंतु त्याचा अणू हलका आणि त्याचे आयन करण्यास वीज अधिक लागते. जेथे विजेची वा जागेची टंचाई आहे आणि प्रवास दूरचा आहे, तेथे अद्यापि झेनॉनच हवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेले 'सायकी' यान त्याच नावाच्या धातुमय लघुग्रहाकडे सुमारे एक हजार किलोग्रॅम झेनॉन घेऊन निघाले. ते २०२९ साली पोहोचावे अशी योजना आहे. जी वस्तू थोडी आहे, ती जेथे दुसरे काही चालत नाही तेथेच खर्च करावी, एवढा व्यवहार आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायका जाणत होत्या. केशराची डबी रोजच्या भातासाठी कोणी उघडत नसे.

श्रोतेहो, आता त्या विद्यार्थ्याकडे वळतो. तो आज कोठे आहे, आम्हांस ठाऊक नाही. तो भेटला, तर आम्ही त्यास एवढेच सांगू : "तुझा प्रश्न योग्य होता, आमचे उत्तर चुकले. जो वायू काही करीत नाही असे आम्ही म्हणालो, तो कोणाचे काही बिघडवीत नाही, म्हणूनच त्याच्यावर वर्षानुवर्षांच्या प्रवासाचा भार टाकता येतो." आणि येथे जे शिक्षक बसले असतील, त्यांना आमची विनंती आहे की, उपयोग ठाऊक नसेल तर 'अद्याप ठाऊक नाही' असे म्हणावे. 'उपयोग नाही' असे म्हणू नये. या दोन वाक्यांतील अंतर आम्हांस कळावयास फार वर्षे लागली.

आपण सारे पन्नास वर्षांपूर्वी या नगरीत परके म्हणूनच आलो. नगरीने आपणांस सामावून घेतले. आपणही कोणाशी तंटा न करता आपापले काम करीत राहिलो. त्या परक्या वायूशी आपले नाते आहे ते बहुधा एवढेच.